नरसाक्काचा अंगठा

"घेत नाही गं ते," नरसाक्का म्हणली आणि अंगठा पदराला पुसून परत माझ्यापुढं केला.

"घेतंय. आधी केसातून फिरव. तेल लागलं की घेतंय."

तिनं अंगठा भांगातून मागं अंबाड्यापर्यंत नेला, देवाला नमस्कार करावा तसा कपाळाला टेकवला आणि मशीनच्या काचेवर ठेवला. लाल दिवा हिरवा झाला.

"झालं?"

"एकदा झालं. सर्व्हर डाऊन आहे. परत एकदा लाव."

तिनं परत लावला. काही विचारलं नाही. तिच्यामागं चौदा बायका उभ्या होत्या, त्यातल्या कुणीच काही विचारलं नाही. विडी वळणाऱ्या बाईचा अंगठा कुठलंच मशीन पहिल्या फटक्यात घेत नाही. रेशनच्या दुकानात पाच वेळा लावायचा, बँकेत सात वेळा. पान, कात्री आणि तंबाखूनं त्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच झिजून गेलेल्या. त्यामुळं "परत लावा" म्हणलं की लावायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

ते मला पण ठाऊक होतं. महांतेश सरांना तर माझ्या आधीपासून.

तीन वर्षं झाली याला. तेव्हा मी सोळाची होते आणि सोलापुरात विडी कारखान्याच्या फाटकासमोर छत्री लावून सिमकार्ड विकत होते. सकाळी दहाला बायका वळलेल्या विड्या फडक्यात बांधून टाकायला यायच्या. आत जाण्याआधी रांगेत तासभर थांबायच्या. तो तासभर माझा.

शाळा मी नववीत सोडली. गणिताच्या बाई सगळ्या वर्गासमोर म्हणल्या, तुझी आई कांड्या भरते, तू पण तेच कर. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि जी बाहेर पडले ती पडलेच. बाप त्याआधीच भिवंडीला गेलेला आणि तिकडचाच झालेला. आई टॉवेलच्या कारखान्यात खरंच सुताच्या कांड्या भरायची. पण ते बाईंनी बोलायचं काम नव्हतं.

घरी बसून काय करणार? माझं डोकं तापट, तोंड सुटलेलं. चप्पलच्या दुकानात आठ दिवस टिकले, झेरॉक्सच्या दुकानात पाच. मग महांतेश सर भेटले. महांतेश बिराजदार. सव्वीस-सत्तावीस वर्षांचे असतील, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम मऊ. मला "अहो मॅडम" म्हणणारा तो जगातला पहिला माणूस.

"वय किती?" त्यांनी विचारलं.

"सोळा."

"मशीनचं लॉगिन अठराच्या आत मिळत नाही. घरात मोठं कोण आहे?"

"आई."

"मग आईचं आधार आणा. नाव आईचं, काम तुमचं."

आईनं दुसऱ्या दिवशी कारखान्यात जायच्या आधी येऊन अंगठा दिला. "कसला गं हा अंगठा?" तिनं विचारलं. "नोकरीचा," मी म्हणलं. तिला बरं वाटलं. घरात आपल्या नावानं काहीतरी आलंय असं वाटलं असणार तिला.

महांतेश सर पहिल्या दिवशी उसाचा रस पाजत मला धंदा समजावत होते. "पूर्वी सिम घ्यायचं म्हणजे फोटो, झेरॉक्स, सही, वर चार दिवस थांबायचं. सरकारनं नियम सोपे केले. कागद गेला, अंगठा आला. दोन मिनिटात नंबर चालू. बाजार मोकळा झालाय भागी. आधी आठ-दहा कंपन्या होत्या, एकमेकींच्या उरावर बसून बसून आता बोटावर मोजण्याएवढ्या उरल्यात. जिचे नंबर जास्त ती राहणार. बाकीच्या जाणार."

"आणि कोण तपासत नाही?"

"तपासतात की. येतील, बघा."

आले पण. एकदा गळ्यात पट्टा घातलेला एक माणूस आला. त्यानं छत्रीचा फोटो काढला, मला छत्रीखाली उभं करून अजून एक काढला, "जरा हसा" म्हणला, आणि गेला. मशीनला हातसुद्धा लावला नाही. सरकारनं तपासा म्हणून सांगितलं, कंपनीनं हाताखालच्याला सांगितलं, त्यानं फोटो काढला. संपलं.

दुसऱ्या अंगठ्याचं सरांनी तिसऱ्या आठवड्यात सांगितलं. अगदी सहज, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं.

"या बायका चार-पाचदा लावतातच. त्यातला एक आपला धरायचा."

"आपला म्हणजे?"

"डमी. त्यांच्याच नावावर दुसरं सिम चालू करायचं. महिनाभर चालू दिसलं की बास, मग फेकून द्यायचं. कंपनीला आकडा दिसतो, आपलं टार्गेट होतं. त्या बाईचं काय जातंय?"

काय जातंय? मी पण तेच म्हणलं स्वतःला. नरसाक्का मला दुपारी सांभाळायची, मी चार वर्षांची असल्यापासून. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि शेजारी मी. वळलेल्या विड्या ती तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडु, मूडु, आणि तिच्याबरोबर मी. मराठी अंक मला शाळेत नंतर आले. अशा बाईला पहिलं सिम देताना एकदा "परत लाव" म्हणलं. पुढं सहा महिन्यांत, कधी योजना संपली म्हणून, कधी नवीन आली म्हणून, अजून पाच वेळा म्हणलं.

पण डोळे मला देवानं नको तेवढे दिलेत. डमी सिम फेकली जात नव्हती.

दर शनिवारी एक माणूस यायचा. स्कूटर, पांढरे स्वच्छ बूट. विडी घरकुल वस्तीच्या धुळीत पांढरे बूट घालून कोण येतं? महांतेश सर त्याला औषधाच्या दुकानातली कागदाची पिशवी द्यायचे. पिशवीत सिमं असायची आणि माझ्या वहीतलं एक पान. त्या पानावर नवीन नंबर घेतलेल्यांची नावं, नंबर, वयं. तो चहा घ्यायचा नाही, माझ्याकडं बघायचा नाही. एकदाच बोलला, ते पण सरांशी.

"पोरीला सांग, हातात मोठा फोन असलेल्या नकोत. म्हाताऱ्या घे. वाचता न येणाऱ्या."

"का?" मी विचारलं.

त्यानं तेव्हा पण माझ्याकडं बघितलं नाही. महांतेश सर हसले. "म्हाताऱ्यांना जास्त गरज असते, म्हणून."

दोन आठवड्यांनी इरप्पा मामा नळावर भेटला. मामा आमच्याच लाईनीत राहतो, गिरणीतून रिटायर झालेला, बायको वारलेली. माझ्याकडूनच त्यानं नवीन सिम घेतलं होतं. फोन कानाला लावून घामाघूम उभा होता.

"भागी, बघ गं, लाईट कापणार म्हणतोय. आत्ताच्या आत्ता. काहीतरी आकडा सांगा म्हणतोय."

मी फोन ओढून घेतला आणि कापला. "असल्यांना काही सांगायचं नसतं मामा."

"पण माझा नवा नंबर त्याला कुणी दिला? मी तर लेकीला पण अजून दिला नाही."

मी फोन त्याच्या हातात देताना पडद्यावर बघितलं. शेवटचे आकडे सात सात शून्य चार नऊ.

नंबर माझ्या डोक्यात चिकटतात. शाळेत पाढे चिकटले नाहीत, पण नंबर चिकटतात. हा मी स्वतः चालू केला होता. सर्व्हर डाऊन आहे, परत एकदा लाव. हा नरसाक्काचा पहिला डमी.

मी हंडा तिथंच टाकला आणि छत्रीकडं पळाले. महांतेश सर मशीन चार्जिंगला लावत होते.

"ती सिमं कुठं जातात?"

"कुठली?"

"नाटक करू नका बे माझ्यासमोर. आमच्या मामाला फोन आला त्या नंबरवरून. तुम्ही आमचेच अंगठे आमच्यावरच सोडले."

मी कुणावर ओरडले आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही.

"भागी, ओरडू नका. बायका बघतात. पोलिसात जायचंय? जा. ते काय विचारतील, नंबर दिला कुणी? मशीनवर नाव येतं." त्यांनी मशीनला जोडलेला फोन माझ्यापुढं धरला. "वाचा. महानंदा तळभंडारे. हे कोण? तुमची आई ना? माझं नाव यात कुठं आहे, दाखवा."

मी वर-खाली शोधलं. नव्हतं. एवढ्या महिन्यांत माझ्या कधी डोक्यात पण आलं नव्हतं की हे बघावं. स्वतःला तीक्ष्ण डोळ्यांची म्हणवणारी मी.

मशीन मी दगडावर आपटलं. दोन तुकडे झाले. सरांनी शांतपणे तुकडे गोळा करून पिशवीत घातले. "नवीन मिळेल," ते म्हणले. ते माझ्यासाठी म्हणले की दुसऱ्या कुठल्या पोरीसाठी, ते मला कळलं नाही. चार दिवसांनी छत्री गेली, आठवड्यानं त्यांचा फोन बंद झाला.

मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, नरसाक्काला नाही.

एकदाच सांगता सांगता राहिले. सरकारची एक साईट आहे. आपला नंबर टाकायचा, कोड येतो, मग आपल्या नावावर किती सिमं आहेत ती सगळी दिसतात. मी एका मैत्रिणीचा मोठा फोन आणला, कोडासाठी नरसाक्काचा मागून घेतला आणि तिच्या उंबऱ्यात बसून बघितलं. सात. तिचं स्वतःचं एक, आणि माझी सहा. प्रत्येकासमोर एक चौकोन, "हा नंबर माझा नाही." त्यावर टिक केलं की तो नंबर बंद करायला जातो.

माझं बोट चौकोनावर होतं. आणि डोक्यात एकच. बंद करायला गेला की विचारणार, दिला कुणी. मशीनवर नाव येतं.

"काय बघालीस गं एवढं?" नरसाक्कानं सुपावरून मान वर केली.

"काही नाही. रेंज बघतेय."

मी साईट बंद केली आणि तिचा फोन तिला परत दिला. चौकोन तसेच रिकामे राहिले. ते सगळे नंबर कुठंतरी वाजत राहिले.

साडेतीन महिने काहीच झालं नाही. मग एका सोमवारी दुपारी चारला गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी जीप थांबली.

तेव्हा बाहेर ऊन कलायला लागतं आणि सगळ्या बायका आपापल्या उंबऱ्यात सूप घेऊन बसतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पानं कापायच्या कात्र्यांचा एकच आवाज चालू असतो. पाऊस पत्र्यावर पडावा तसा. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही इतका सवयीचा. जीपमधून चष्मेवाला एक माणूस उतरला, साध्या कपड्यातला, आणि त्याच्यामागं एक बाई, खाकीतली. हातात कागद. दोघं घरांचे नंबर वाचत आले आणि नरसाक्कासमोर थांबले.

चष्मेवाला तेलुगूत काहीतरी बोलला.

नरसाक्काचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिचं माहेर तिकडचं, तेलुगू मुलखातलं, लग्न होऊन आली तेव्हापासून तिकडचं माणूस दारात आलं नव्हतं. "मीदी ए ऊरु सारू?" कुठलं गाव म्हणून विचारत तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सावरला, चटई झटकली. आमच्या दाराकडं बघून हाक मारली. "महानंदा, चहा टाक गं. आमच्याकडचे पाव्हणे आलेत. भागी, बिड्डा, पाणी आण."

खाकी तिला दिसत नव्हती असं नाही. पण तिला वाटलं सरकारी लोकं आहेत, विडी कामगारांच्या घरांचं काहीतरी असेल. नेहमी येतात.

त्या दिवशी आईच्या कारखान्यात लाईट नव्हती, म्हणून ती घरी होती. तिनं चहा केला, मी ट्रे घेऊन गेले. नरसाक्का त्या माणसाला आपल्या गावातली विहीर, मारुतीचं देऊळ, कोण कोण मेलं, सगळं सांगत होती. तो ऐकत होता. मान हलवत होता. घाई करत नव्हता. मला ते आवडलं नाही. ज्याला घाई नसते त्याला आपण कुठं पळणार नाही हे माहीत असतं.

चहा संपल्यावर त्यानं कागद उघडला आणि एकेक आकडा सावकाश वाचला. शेवटचे पाच मी ऐकले तेव्हा ट्रे माझ्या हातात होता.

"एडु. एडु. सुन्ना. नालुगु. तोम्मिदी."

मला तेलुगू नीट येत नाही. अंक येतात, सात सात शून्य चार नऊ. त्या उंबऱ्यात बसूनच शिकले होते.

नरसाक्का माझ्याकडं वळली. "हा माझा नंबर हाय का गं? साहेब विचारतोय. मला काय कळतंय, तूच दिलीस, तूच सांग."

तो माणूस माझ्याकडं बघायला लागला. खाकीवाली पण. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

तो परत तेलुगूत बोलायला लागला. हळू आवाजात, लांब. नरसाक्काच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू गेला. तिनं छातीवर हात ठेवला आणि आमच्यासाठी मराठीत सांगितलं, जसं ऐकलं तसं.

"त्यांच्याकडं एक मास्तर होता म्हणे. रिटायर. त्याला या नंबरवरून फोन गेला. दोन दिवस फोन ठेवू दिला नाही, घरातनं हलू दिला नाही. तुझ्या पोराला धरलंय म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मास्तर विहिरीत सापडला." ती थांबली. "नंबर माझ्या अंगठ्यानं घेतलाय म्हणतोय. मला चलायला सांगतोय तिकडं. मी कशाला फोन करू गं? मला तर लावता पण येत नाही. आला तर उचलते तेवढं."

चष्मेवाला उठला. खाकीवाली नरसाक्काच्या बाजूला जाऊन उभी राहिली. धरलं नाही. नुसती उभी राहिली.

नरसाक्का पण उठली. आत जाऊन दुसरं लुगडं नेसून येऊ का, असं विचारत होती. सत्तर वर्षांची बाई. आता तोंड उघडलं नाही तर ती त्या जीपमध्ये बसणार, आणि उघडलं तर आई बसणार. मी ट्रेवरच्या कपांकडं बघत होते. एका कपात साय चिकटलेली. मी त्या सायीकडं बघत राहिले.

"मशीन मेरा था."

आई बोलली. आमच्या दारात उभी होती, हाताला पीठ. तिनं कधी माझ्या धंद्याचं काही विचारलं नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडं बघत होती, कधीपासून कोण जाणे, आणि तिनं सगळं तिथं वाचलं होतं. शाळा न शिकलेल्या माणसाला दुसरं काही वाचता येत नाही, माणसं येतात.

चष्मेवाल्यानं कागद उलटला. "महानंदा तळभंडारे?"

"हां."

"आपके घर भी आना ही था." तो म्हणला. राग नव्हता त्याच्या आवाजात. "मशीन चलाती कौन थी?"

"मैं."

"आप?"

"मैं."

त्यानं खिशातून स्वतःचा फोन काढला, मोठा, काळा, आणि आईच्या हातात दिला. "सिम कैसे चालू करते हैं, बताइए. अंगूठा कैसे लेते हैं. दो बार कैसे लेते हैं. मेरेको समझना है."

आईनं पिठाचे हात पदराला पुसले आणि फोन दोन्ही हातांत धरला, प्रसादाचं ताट धरावं तसा. पडदा काळा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं. उलटा करून मागून बघितलं. एका कडेला दाबलं, काही झालं नाही. घरात एकच फोन, साधा, बटणांचा. असला तिनं आयुष्यात हातात धरला नव्हता. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली. तेव्हा नोकरीचा म्हणून तिनं अंगठा ठेवला होता, तसंच.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते.

मी ट्रे खाली ठेवला. फोन तिच्या हातातून घेतला.

"असं," मी म्हणलं. माझी बोटं काळ्या पडद्यावरच चालायला लागली. "इथं आधार नंबर. इथं बोट दाबायचं. मशीन वायरनं लावायचं, अंगठा ठेवायला सांगायचा. हिरवं झालं की पहिलं सिम. मग हे मागं घ्यायचं, फॉर्म नवीन उघडायचा, आधार तोच. म्हणायचं, सर्व्हर डाऊन आहे. परत एकदा लावा." मी एकदा पण थांबले नाही. "त्या परत लावतात. विचारत नाहीत. दुसरं सिम हातात लपवायचं, पहिलं त्यांना द्यायचं."

मग महांतेश सरांचं सांगितलं. पिशवी सांगितली, पांढरे बूट, वहीतलं पान, सगळं. चष्मेवाला लिहीत होता. लिहून झालं तेव्हा त्यानं चष्मा काढला.

"उमर?"

"सोळा. सोला."

त्यानं चष्मा परत घातला. मग खाकीवालीला तेलुगूत एक वाक्य बोलला, आणि ती नरसाक्काच्या बाजूची हलून आईच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"मैंने किया," मी म्हणलं. "मैंने बोला ना. उसको नहीं आता, देखा ना तुमने."

"देखा," तो म्हणला. "पर नाम इनका है. बच्ची को नाम देनेवाली भी यही हैं."

आईनं वाद घातला नाही. चप्पल शोधली. एक सापडेना, ती मी दाराआडून काढून दिली. "कणीक मळून ठेवलीय," ती म्हणली. "झाकून ठेव, वाळेल." माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, शिवी पण दिली नाही. जीपपर्यंत चालत गेली आणि पुढच्या सीटवर बसायला लागली. तिला मागं बसायला सांगावं लागलं.

ती बावीस दिवसांनी परत आली. केस अजून चालू आहे, तारखेला दोघी जातो. महांतेश बिराजदार नावाचं आधार निघालं, पण ते पंढरपूरच्या एका मेलेल्या माणसाचं निघालं. पांढऱ्या बुटाचा पत्ता कुणालाच लागला नाही. हे सगळं नंतर.

त्या दिवशी जीप वळली आणि धूळ खाली बसली, तेव्हा मी गल्लीत उभी होते. नरसाक्का तिच्या उंबऱ्यात परत बसली होती. सूप मांडीवर घेतलं, एक पान उचललं, कात्री उचलली. कापलं नाही.

"माझ्या नावावर आणि किती हायेत?" तिनं विचारलं. भांडणाचा आवाज नव्हता. पान मोजावं तसं विचारलं.

"पाच."

"चालू?"

"माहीत नाही. असतील."

तिनं मान हलवली. मग कात्रीच्या टोकानं समोरच्या उंबऱ्याकडं दाखवलं. तिथं यल्लम्मा बसली होती. तिच्या पलीकडं सुगलाबाई, तिच्याही पलीकडं इरप्पा मामाची भावजय, आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत.

"आणि हिच्या?"

मी यल्लम्माकडं बघितलं. चार, मला आठवलं. सुगलाबाईची तीन. मला सगळ्यांची आठवत होती, प्रत्येकीचे शेवटचे आकडे.

माझी नजर एकेका उंबऱ्यावरून पुढं सरकत गेली. आधी यल्लम्माची कात्री थांबली. मग सुगलाबाईची. मग तिच्या पुढची, आणि तिच्या पुढची. गल्लीच्या त्या टोकापर्यंत आवाज एकेक करून बंद होत गेला.